इंदुरात जमिनीच्या भरवशावर एसी: आधी वर्षभराच्या उष्णतेचा जमाखर्च मांडा

डॉक्टरताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इंदुरात ६० बाय ९०च्या प्लॉटवर १२ खाटांचं नर्सिंग होम बांधायचंय, वरच्या मजल्यावर राहायचं. भाऊ स्वीडनमध्ये असतो. त्याच्या घराखाली बोअर आहे. हिवाळ्यात घर त्यावर गरम होतं, उन्हाळ्यात जवळजवळ फुकट गार होतं. तो म्हणतो, इथे होतं तर तिकडे का नाही? आणि इथल्या एका ओळखीच्यांनी सांगितलंय की जमीन आतून थंडच असते, कॉम्प्रेसरसुद्धा लागणार नाही, बिल निम्म्यावर येईल.

इंदुरातही हे होतं. मी वीसेक वर्षं एसीच्या कामात आहे आणि जमिनीत लूप (बोअरमध्ये खाली जाऊन वळून परत वर येणारा, पाणी फिरवणारा बंद पाइप) टाकून चालवलेली यंत्रं स्वतः सांभाळली आहेत. पण भावाकडे ज्या गोष्टींमुळे हे सोपं झालं, त्या आपल्याकडे नेमक्या उलट आहेत. तिथला नकाशा जसाच्या तसा इथे आणला, तर पहिली दोन वर्षं तुम्ही माझं कौतुक कराल आणि चौथ्या उन्हाळ्यात रात्री अकराला फोन कराल.

अशा एसीला लोक ‘जिओथर्मल’ म्हणतात, पहिल्यांदा त्या शब्दाचा घोळ मिटवू. वज्रेश्वरीला किंवा राजापूरजवळच्या उन्हाळे गावात जे गरम पाणी जमिनीतून येतं, त्याच्याशी आपल्या कामाचा संबंध नाही. आपण वापरतो तो वरचा तीनशे-चारशे फुटांचा साधा खडक. तीसेक फुटांखाली ऋतू पोहोचत नाहीत. वर मे तापो की जानेवारीत कुडकुडायला होवो, तिथलं तापमान वर्षभर जवळपास एकच राहतं, आणि ते त्या गावच्या हवेच्या वर्षभराच्या सरासरीच्या आसपास असतं. इंदुरात ते २५ ते २७ अंश धरा. स्वीडनमध्ये ५ ते ८.

सगळं इथेच ठरतं. भावाच्या घरी उन्हाळ्यात ८ अंशांचं पाणी बोअरमधून वर येतं, ते थेट घरातल्या कॉइलमधून फिरवलं की घर गार. कॉम्प्रेसर बंद, फक्त पंप चालू. आपल्याकडे २६ अंशांचं पाणी वर येणार. त्यानं २४ अंशांची खोली कशी होईल? आणि नुसती गार करून भागत नाही. जुलै-ऑगस्टमधली दमट हवा सुकवायची तर कॉइलमध्ये ७ ते १२ अंशांचं पाणी लागतं. म्हणजे कॉम्प्रेसर लागणारच. ‘जमीन थंड असते’ हे त्या गृहस्थांनी मनाशी ठरवलंय ते बहुधा मांडूला जाऊन. चंपा बावडीला लागून असलेल्या तळघरात मे महिन्यात शिरलात की अंगावर गारवा येतो. मी लहानपणी तिथून बाहेर यायला तयार नसे. पण ४० अंशांच्या उन्हातून आत गेल्यावर कोणतीही सावलीतली, जमिनीला टेकलेली जागा गार वाटते. थर्मामीटर लावून बघा, तो वेगळंच सांगेल.

मग जमिनीचा उपयोग काय? तो कॉम्प्रेसरचं ओझं हलकं करण्यात आहे. एसी म्हणजे फ्रिजच. आतली उष्णता उचलायची आणि बाहेर टाकायची. फ्रिजच्या मागची जाळी गरम लागते, तसं एसीचं बाहेरचं युनिट. हे टाकणं जितकं अवघड, तितकी वीज जास्त. मे महिन्यात दुपारी बाहेर ४१-४२ अंश, आणि गच्चीवर आठ-दहा युनिटं शेजारी-शेजारी ठेवलेली, एकमेकांची गरम हवा ओढतायत. अशा वेळी गॅसला ५५ अंशांच्या आसपास जाऊन उष्णता सोडावी लागते. तेच यंत्र बोअरमधून ३२-३३ अंशांनी परत आलेल्या पाण्यात उष्णता सोडत असेल, तर ४० अंशांवर काम भागतं. या तापमानात एका अंशाची बचत म्हणजे साधारण दोन-अडीच टक्के वीज. पंधरा अंश वाचले तर त्या दुपारी तिसरा हिस्सा वीज वाचली. हिवाळ्यात चार तोंडांचा एक व्हॉल्व्ह फिरतो आणि गॅस उलटा वाहायला लागतो. जमीन देणारी होते, खोली घेणारी. जानेवारीच्या पहाटे बाहेरची हवा ८-१० अंशांवर असताना जमीन २६ अंशांची उष्णता देते, त्यामुळे एक युनिट विजेत चार-साडेचार युनिट ऊब मिळते.

पण हा तिसरा हिस्सा वर्षभराचा नव्हे. पावसाळ्यात, रात्री, दिवाळीच्या सुमाराला बाहेरची हवा जमिनीइतकीच किंवा तिच्याहून गार असते. तेव्हा जमिनीचा फायदा शून्य, उलट पंपाचा खर्च अंगावर. वर्षाचा हिशेब केला तर थंडाव्यावरची बचत वीस-पंचवीस टक्के. ‘निम्मं बिल’ कुणी लिहून देत असेल तर त्याला कशाच्या निम्मं, ते विचारा.

आता मुख्य गोष्ट, जी मला या उत्तरात सगळ्यात पोटतिडकीनं सांगायची आहे. जमीन हा डबा आहे, आणि डबा भरतो.

स्वीडनमध्ये सात-आठ महिने जमिनीतून उष्णता काढतात, उन्हाळ्यात थोडी परत घालतात. आपल्याकडे आठ-नऊ महिने नुसती घालणं चालतं. तुमच्या पूर्ण इमारतीचा हिशेब मी साध्या आकड्यांत मांडतो. सगळं मिळून १५ टनांचा भार धरू, आणि वर्षात पूर्ण भारानं चालल्याचे १५०० तास. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॉट. म्हणजे इमारतीतून वर्षाला ७९ हजार युनिट उष्णता बाहेर निघाली. (युनिट म्हणजे आपल्या मीटरवरचंच, फक्त इथे उष्णतेचं.) कॉम्प्रेसरनं खाल्लेली वीजही शेवटी उष्णताच होते, ती १७ हजार. एकूण ९६ हजार युनिट जमिनीत. हिवाळ्यात खोल्या उबदार करायला आपण किती परत काढू? माळव्यातली थंडी दीड-दोन महिन्यांची. फार तर ६ हजार.

आता डबा किती मोठा, ते पाहू. १५ टनांना ३०० फुटांच्या १५ बोअर, एकमेकांपासून वीस-वीस फुटांवर. त्यांच्या वाट्याला येणारा खडक साधारण ४९ हजार घनमीटर. आपला काळा बेसॉल्ट एवढा असेल तर त्याचं तापमान एक अंशानं चढायला सुमारे ३१ हजार युनिट लागतात. ९० हजार शिल्लक भागिले ३१ हजार: दरवर्षी जवळपास तीन अंश! थोडी उष्णता बाजूच्या खडकात जिरते, म्हणून प्रत्यक्षात कमी चढेल. पण दिशा तीच. पाच-सहा वर्षांत २६ अंशांची जमीन ३५च्या पुढे गेली, की लूपचं पाणी मे महिन्यात ४५नं परत येणार. मग एवढा खर्च करून आपण गच्चीवरच्या युनिटाच्याच बरोबरीला येऊन बसलो. हे नुसतं कागदावरचं भय नाही. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या स्टॉकटन विद्यापीठानं १९९०च्या दशकात सुमारे ४२५ फुटांच्या ४०० बोअर घेतल्या. तिथे गरम करण्यापेक्षा गार करण्याची गरज जास्त निघाली, आणि जमीन तापत गेली. तिथे निदान बर्फ पडतो. आपल्याकडे तेवढाही आधार नाही.

म्हणून माझ्याकडे कुणी आलं की मी ‘किती टन, किती फूट’ याच्या आधी वही काढतो. एका बाजूला वर्षभरात जमिनीत किती घालणार, दुसऱ्या बाजूला किती काढणार. दुसरी बाजू मोकळी असेल तर काम घेत नाही.

तुमच्या बाबतीत ही दुसरी बाजू भरता येते, आणि म्हणून मी एवढं लांब लिहितोय.

एक, गरम पाणी. घरापेक्षा नर्सिंग होम इथे फार वरचढ. बाळंतिणींची अंघोळ, स्पंजिंग, चादरी, स्वयंपाकघर: दिवसाला १२०० लिटर सहज. २५ अंशांचं पाणी ६० अंशांवर न्यायला रोज ४९ युनिट, वर्षाला जवळपास १८ हजार. (साठवण ६० अंशांखाली का ठेवायची नाही, ते लिजिओनेला या जिवाणूचं कारण तुम्ही मला शिकवाल.) हेच पाणी लूपवरच्या वेगळ्या छोट्या हीट पंपानं (म्हणजे जमिनीतून उष्णता उचलून पाण्यात टाकणाऱ्या, उलट्या एसीनं) तापवलं, तर त्यातली १३ हजार युनिट जमिनीतून येतात आणि वीज लागते ५ हजारच. साध्या गीझरच्या तुलनेत १३ हजार युनिटांची बचत. तुमच्या सगळ्या प्रकल्पात थंडाव्यापेक्षा जास्त पैसे गरम पाण्यात वाचणार आहेत, ही गोष्ट पुष्कळांना पटत नाही. मीटर वेगळा लावून दाखवला की पटते.

दोन, माळव्याची रात्र. ‘सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध, शब-ए-मालवा’ हे आपण पाहुण्यांना अभिमानानं ऐकवतो. माझ्यासाठी ती कामाची वस्तू आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रात्रीची हवा १०-१५ अंशांवर येते आणि जमिनीतलं पाणी २७-२८वर असतं. गच्चीवर मोटारीच्या रेडिएटरसारखा एक ड्राय कूलर बसवायचा. रात्री कॉम्प्रेसर बंद, फक्त पंप आणि पंखा चालू, आणि लूपचं पाणी त्यातून फिरवत राहायचं. १२० रात्री, दहा-दहा तास, २५ किलोवॉटनं: ३० हजार युनिट उष्णता आपण आकाशात सोडून दिली. त्यासाठी लागलेली वीज दोन हजार युनिटांच्या आत. उन्हाळ्याच्या तोंडाशी खडक पुन्हा ताजा. मुंबईच्या किंवा चेन्नईच्या डिसेंबरात ही सोय मिळत नाही. आपल्याला मिळते, आणि तरीही इथल्या कोटेशनमध्ये ड्राय कूलरची ओळ मला क्वचितच दिसते.

तुम्ही कदाचित विचाराल, मग सरळ कूलिंग टॉवर का नको? प्रश्न रास्त आहे. माळव्याचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे मे महिन्यात टॉवरमधून येणारं पाणी जमिनीइतकंच गार असतं, आणि खर्च बोअरच्या मानानं किरकोळ. अडचण एकच, ते पाणी पितं. १५ टनांचा टॉवर दिवसात आठ तास पूर्ण भारानं चालला तर हजार लिटरच्या आसपास वाफ आणि निचरा. तेही नेमकं त्या दिवसांत, जेव्हा कॉलनीत टँकर फिरत असतात. नर्सिंग होमनं ती स्पर्धा करू नये असं मला मनापासून वाटतं.

बाकीचे पर्याय लवकर संपवतो. पाच-सहा फूट खोल चर खणून आडवे पाइप टाकणं आपल्या काळ्या मातीत नको. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, माती पाइपापासून सुटते, आणि सुटलेल्या मातीत उष्णता जात नाही. बोअरचं पाणी उपसून यंत्रातून फिरवून परत सोडणं: पाणीच टिकत नाही तिथे काय फिरवणार. जमिनीखालच्या पाइपांतून हवा खेचण्याची पद्धत चांगली आहे. गुडगावजवळ ग्वाल पहाडीला टेरी या ऊर्जा-संशोधन संस्थेच्या संकुलात ४ मीटर खोल असे बोगदे आहेत. पण पावसाळ्यात त्या पाइपांत ओल धरते, आणि ओल म्हणजे बुरशी. वसतिगृहाला ठीक, प्रसूतिगृहाला मी लावणार नाही.

आता बोअरबद्दल, कारण कामं बिघडतात ती तिथेच. आपल्याला पाण्याची बोअर नको, कोरडी लागली तरी चालेल. हे बोरिंगवाल्याला तीनदा सांगावं लागतं. पाणी लागलं की तो खूश होऊन थांबायला बघतो. वर काळी माती, मग पिवळा मुरूम, मग कुजलेला खडक, तिथवर केसिंग. त्याखाली करडा काळा पाषाण. मधेच हॅमरमधून एकदम विटकरी लाल भुकटी उडायला लागते. हा दोन लाव्हांच्या थरांमधला लाल मातीचा पट्टा. पाणी लागलं की तो फुगतो आणि बोअरमध्ये ढासळतो. म्हणून लाल भुकटी दिसली की मी गाडी हलू देत नाही; त्याच दिवशी लूप खाली गेलाच पाहिजे. ३२ मिलिमीटरचा एचडीपीई (टणक प्लास्टिकचा) पाइप, खालचं यू-वळण कारखान्यातून जोडून आलेलं, आत पाणी भरून दाब लावलेला, तसाच उतरवायचा. जमिनीखाली एकही जोड जागेवर केलेला नको. हा पाइप ५० वर्षांच्या हिशेबानं बनवतात. यंत्र दोनदा बदलाल, पाइप तोच राहील.

आणि ग्राउट, म्हणजे पाइप आणि खडक यांच्यामधली पोकळी भरून काढणारं मिश्रण. इथे मी स्वतः पोळलोय. राऊच्या बाजूला एका फार्महाउसवर सहा बोअर झाल्या. मी दोन दिवस बाहेरगावी होतो. तेवढ्यात ठेकेदारानं बेंटोनाइट (फुगणारी चिकणमाती) आणि वाळूचं मिश्रण तळापासून वर पंप करण्याऐवजी बोअरमधूनच निघालेली भुकटी वरून फावड्यानं लोटली आणि तोंडाशी सिमेंट लावून टाकलं. वरून सगळं नीटनेटकं. पावसाळ्यात, हिवाळ्यात यंत्र उत्तम चाललं, कारण बोअरमध्ये पाणी होतं आणि पाइप त्या पाण्यात बुडालेले होते. मे महिन्यात भूजल खाली गेलं. मी यंत्रघरात जाऊन दोन्ही पाइपांवर हात ठेवले: जमिनीत जाणारा आणि जमिनीतून येणारा. एरवी चार-पाच अंशांचा फरक तळहाताला स्वच्छ कळतो. त्या दिवशी दोन्ही सारखेच चटके देत होते. पाणी ३०० फूट खाली जाऊन, फिरून, तसंच्या तसं वर येत होतं. भुकटीत पोकळ्या राहिल्या होत्या, पाइप आणि खडक यांच्यामध्ये नुसती हवा. सहापैकी चार बोअर सोडून द्याव्या लागल्या. तेव्हापासून ग्राउटच्या दिवशी मी स्वतः उभा असतो आणि किती पोती गेली ते मोजतो. तुमचा भाऊ म्हणेल, आमच्याकडे ग्राउट घालतच नाहीत. खरं आहे, तिथे बोअर बारा महिने पाण्यानं भरलेल्या राहतात. आपल्याकडे मे महिना असतो.

तुमच्या प्लॉटबद्दल माझं मत असं. पूर्ण १५ टन जमिनीवर टाकू नका. जागाही नाही, गरजही नाही. चोवीस तास चालणारा भार, म्हणजे वॉर्ड आणि लेबर रूम, ८ टनांत बसतो. तेवढाच आणि गरम पाणी लूपवर घ्या. ओपीडी आणि वरचं घर साध्या इन्व्हर्टर युनिटांवर ठेवा, ती दिवसातले थोडेच तास चालतात. ऑपरेशन थिएटरची हवा वेगळ्या यंत्रातून, गाळून येऊ द्या. तिथे प्रयोग नको. ३०० फुटांच्या ८ बोअर पार्किंग आणि मागच्या मोकळ्या पट्टीत ओळीनं बसतात. आपल्या पाण्याच्या बोअरपासून आणि सेप्टिक टँकपासून लांब ठेवू. ओळ असली की गठ्ठ्यापेक्षा बाजूचा खडक जास्त मदत करतो.

वही पुन्हा मांडली तर: हे ८ टन जास्त तास चालतात, २००० धरा, कॉम्प्रेसरसकट ६८ हजार युनिट जमिनीत गेली. गरम पाण्यानं १३ हजार काढली, हिवाळ्यातल्या ऊबेनं ४, रात्रीच्या ड्राय कूलरनं ३०. राहिली २१ हजार, आणि आठ बोअरची ओळ तेवढी बाजूच्या खडकात मुरवते. थंडाव्यात वर्षाला चार-पाच हजार युनिट आणि गरम पाण्यात १३ हजार वाचले, आणि त्यातून ड्राय कूलरचे दोन हजार वजा केले, तर आठ रुपयांच्या दरानं सव्वा लाखाच्या आसपास. एकूण खर्चातला निम्मा भाग बोअर, पाइप आणि ग्राउटचा असतो, आणि पैसे वसूल व्हायला चांगली काही वर्षं लागतात. दोन वर्षांत नाही. याच पैशात आधी गच्चीवर इन्सुलेशन, पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून सावली हे करून घ्या. टन तिथेच कमी होतात आणि बोअरही.

आणि क्रम चुकवू नका. उन्हाळ्यात इंदूर जिल्ह्यात खासगी बोरिंगवर बऱ्याचदा बंदी येते, म्हणून परवानगीचा अर्ज दिवाळीआधी करा आणि त्यात पाणी उपसायचं नाही हे स्पष्ट लिहा. इमारतीचा पाया खोदायच्या आधी एकच बोअर घेऊ. तीत लूप टाकून, ग्राउट सुकू देऊन, दोन दिवस ठरावीक ताकदीच्या हीटरनं पाणी तापवत फिरवायचं आणि ते किती वेगानं तापतं ते दर मिनिटाला नोंदवायचं. याला थर्मल रिस्पॉन्स टेस्ट म्हणतात. तुमच्याच प्लॉटखालचा खडक उष्णता किती ओढतो, ते त्यातून कळतं. बोरिंगवाल्याला सांगून ठेवा की दर दहा फुटांची भुकटी वेगळ्या ढिगात काढायची, आणि मी येईपर्यंत ढीग हलवायचे नाहीत. ते ढीग आणि ते दोन दिवसांचे आकडे बघून बाकीच्या सात बोअर किती खोल न्यायच्या ते ठरवू.